वाढप्याचा धावांक

मिलिंद गुळवणी पालीला घाबरतो, ही गोष्ट निगडेश्वरात कोणापासून लपलेली नव्हती. तो कुत्र्याला घाबरायचा, पाण्याला घाबरायचा, लिफ्टला घाबरायचा आणि विजेचं बटण दाबण्याआधी पायात चप्पल आहे ना ते बघून घ्यायचा. पण या सगळ्या भीतींमध्ये पालीचा मान मोठा. घरात पाल दिसली की बावन्न वर्षांचा हा गृहस्थ पलंगावर पाय वर घेऊन बसे आणि त्याची बायको मेघना हातातलं काम टाकून, झाडू घेऊन, पालीला खिडकीबाहेर पोचवून येई. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. या चोवीस वर्षांत तिने त्याला यावरून एकदाही टोमणा मारला नव्हता, आणि नेमकं हेच त्याला लागत असे. टोमणा मारला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

अशा माणसाचा धावांक सत्त्याण्णव आला.

ही गोष्ट २०४१ सालची. धावांक म्हणजे धावून जाण्याचा अंक. आपण हात उचलायचं ठरवतो आणि मग हात उचलतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपल्याला तसं वाटण्याच्या थोडं आधीच मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागात तयारी सुरू झालेली असते. परक्या माणसासाठी जीव धोक्यात घालणाऱ्यांना नंतर कोणी विचारलं की तेव्हा मनात काय आलं, तर बहुतेक जण म्हणतात, "मनात कुठलं काय, मी पाण्यात होतो तेव्हाच मला कळलं." डॉ. गार्गी सबनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पकडला आणि एक टोपी तयार केली. टोपी डोक्यावर, चष्मा डोळ्यांवर. चष्म्यात एकामागून एक चाळीस प्रसंग दिसायचे: कोणी बुडतोय, कोणी आगीत अडकलाय, कोणावर भिंत कलतेय. प्रसंग दिसल्यापासून सेकंदाच्या पहिल्या तृतीयांशात शरीर पुढे जायला निघतं की मागे सरकायला, एवढंच टोपी मोजायची. त्यानंतरच्या विचारांना गुण नव्हते. विचार करायला वेळ मिळाला की माणूस शहाण्यासारखा वागतो, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं.

हे मोजायची गरज काय, तर गर्दीचा एक जुना आजार. अपघात एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर झाला तर तो काहीतरी करतो. पन्नास जणांसमोर झाला तर प्रत्येकाला वाटतं की उरलेल्या एकोणपन्नासांतला कोणीतरी जाईल, आणि पन्नासही जण जागच्या जागी हळहळत राहतात. त्यावर डॉक्टरांनी काढलेला उपाय साधा होता. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांना कोणी संकटात दिसलं की यंत्रणेने दोनशे पावलांच्या आतला सर्वांत मोठा धावांक शोधायचा आणि फक्त त्याच माणसाचा फोन वाजवायचा. पन्नासांतला एक निवडला की प्रश्न मिटला.

निगडेश्वरात चाचणीचं शिबिर शाळेच्या सभागृहात झालं. सगळा तालुका टोपी घालून आला. मेघना तेवढी गेली नाही. "मला कुठे पळायचंय?" असं म्हणून तिने डाळ भिजत घातली. मिलिंदने अर्ज भरला, जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात तिचा नंबर घातला, टोपी घातली आणि चाळीस प्रसंग घामाघूम होत पाहिले. निकाल आला तेव्हा तो जिल्ह्यात पहिला होता.

शेजारच्या बापू शेलारांना चौदा मिळाले.

बापू म्हणजे जुने पैलवान. छाती दारातून आधी आत यायची, बापू मागून. महापुराच्या वर्षी त्यांनी खांद्यावरून अकरा माणसं बाहेर काढली होती, त्यात एक तर त्यांच्याशी बांधावरून भांडलेला होता. निकाल आल्यापासून ते ओट्यावर बसून असत आणि रस्त्यावर काही खुट्ट झालं की घरात जात.

"मिलिंदराव, आपण भित्रं निघालो बघा," ते म्हणाले. "सत्तावन्न वर्षं पत्ताच लागला न्हाई."

"बापू, यंत्राचं काय एवढं मनावर घेता?"

"यंत्र कशाला खोटं बोलंल? त्याचं आपलं काय वैर हाय व्हय?"

त्याच यंत्राने मिलिंदला वाघ ठरवलं होतं आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायला लागलं होतं.

आवडायचं कारण मेघना. तिने प्रमाणपत्र चौकटीत घालून देवघराशेजारी लावलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून तिची हाक आली, "अहो, पाल आलीय." आणि ती झाडूला हात न लावता बाजूला उभी राहिली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे बघून वाट पाहिली होती. मिलिंद गेला. डोळे मिटून त्याने झाडू फिरवला, त्यात चहाचे दोन कप गेले, पण पालही गेली. मेघना म्हणाली, "झालं की." तेवढ्या दोन शब्दांवर तो आठ दिवस ताठ चालला.

मग फोन वाजायला लागले.

पहिला वाजला आठवड्याच्या बाजारात. "मिलिंद गुळवणी," फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपल्या उजव्या हाताला साठ पावलांवर एक व्यक्ती संकटात आहे. धावा." साठ पावलांवर एका पिसाळलेल्या वळूने एका म्हातारीला भिंतीशी अडवलं होतं. मिलिंदला मागे वळायचं होतं, पण मागे रस्ताच उरला नव्हता. त्याच्या अंकाची बातमी फोनच्या आधी पोचली होती. लोकांनी दोन्ही बाजूंना सरकून त्याला वाट करून दिली. एकाने अदबीने त्याच्या हातातली छत्री घेतली. रसवंतीवाल्याने स्वतःसाठी खुर्ची ओढली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "गुळवणी आलेत, आता काळजी नाही." तीनशे माणसं होती. त्यातल्या निम्म्यांच्या हातात काठ्या होत्या, आणि सगळे निवांत होते. मिलिंदने घाबरून हातातली मेथीच्या जुड्यांची पिशवी फेकली, ती वळूच्या पुढ्यात पडली, आणि वळू मान खाली घालून मेथी खायला लागला. म्हातारी सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मिलिंदला भिंतीला टेकून बसावं लागलं.

त्यानंतर गॅसची टाकी, विहिरीत पडलेला माणूस, पेटलेली रिक्षा. प्रत्येक वेळी नशिबाने हात दिला. विहिरीतला माणूस त्याला बघून स्वतःच दोराने वर आला. हे कसले उतरतायत, असं त्याला वाटलं असावं. पण नशीब रोज कामाला येईल याची खात्री कोणी दिली नव्हती. मिलिंद बाजार टाळू लागला, पूल टाळू लागला, गर्दी टाळू लागला. आपल्यापेक्षा मोठ्या धावांकाच्या माणसाजवळ राहावं म्हणून त्याने यादी काढली, तर जिल्ह्यात त्याच्यावर कोणीच नव्हतं. वाढपी माणूस लग्न टाळू शकत नाही, तेव्हा तो लग्नात आधी मंडपाचे खांब हलवून बघायचा.

एका गुरुवारी तो सरकारी दवाखान्यात डॉ. सबनीसांसमोर जाऊन बसला.

"मॅडम, माझा अंक कमी करा," तो म्हणाला. "नाहीतर मी मरेन."

डॉ. सबनीस पस्तिशीच्या, चहा समोर ठेवून विसरणाऱ्या बाई होत्या. त्यांनी त्याचा आलेख पडद्यावर काढला. "गुळवणी, तुमचं मलाही कोडं आहे. हा बघा, तिसऱ्या मजल्यावर आग, खिडकीतून बाई हात करतेय. तुमचं शरीर जवळजवळ खुर्ची सोडून निघालंय. हा बुडणारा माणूस, पुन्हा तेच. चाळीसपैकी एकोणचाळीस प्रसंगांत तुम्ही विजेसारखे पुढे. आणि हा एकच, रुळांवर बेशुद्ध पडलेला माणूस. इथे तुम्ही सपाट. सपाट काय, थोडे मागेच सरकलात."

"तो खरा मी," मिलिंद म्हणाला.

डॉक्टरांनी तो एक प्रसंग आणि बाकीचे एकोणचाळीस पुन्हा पुन्हा पाहिले. मग विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"वाढपी आहे. तीस वर्षं झाली. पंगतीत वाढतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग त्यांनी त्याला टोपी घातली आणि एक साधं चित्र दाखवलं. मोठी रिकामी खोली, मध्ये एक माणूस खुर्चीवर बसलेला, एक हात वर. आग नाही, पाणी नाही, काही नाही. आलेख शंभरावर गेला.

"हा माणूस कुठल्या संकटात आहे?" त्यांनी विचारलं.

"संकटात कुठे? त्याला मठ्ठा हवाय," मिलिंद म्हणाला.

सगळा उलगडा झाला. चाचणीचे प्रसंग नाटकमंडळींकडून करून घेतले होते, आणि नाटकातली माणसं संकटात पडली की हात वर करतात. आणि तीस वर्षं मिलिंदच्या पोटापाण्याचा सगळा व्यवहार एकाच गोष्टीवर चालला होता. पंगतीत कुठे हात वर दिसला की डोक्याने काही ठरवायच्या आत पाय तिकडे निघाले पाहिजेत. पाहुण्याला दुसऱ्यांदा हात करावा लागला तर वाढप्याची अब्रू जाते. त्याच्या शरीराला बुडणारा माणूस आणि आमटी संपलेला माणूस यांच्यात फरकच वाटत नव्हता.

डॉक्टरांनी हात वर न करणारे काही नवे प्रसंग दाखवले. नवा धावांक आला एकोणीस.

"सगळ्या जिल्ह्याची चाचणी पुन्हा घ्यावी लागणार," डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाल्या. "वर्ष जाईल. तुमचा अंक मात्र आजच बदलते. घरी कळवाल ना?"

"कळवतो," मिलिंद म्हणाला, आणि अर्थातच कळवलं नाही.

फोन वाजायचा बंद झाला. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. मेघनाने दोनदा विचारलं, "आजकाल फोन येत नाहीत?" तो म्हणाला, "गावात शांतता आहे." ती "हं" म्हणाली. देवघराशेजारी सत्त्याण्णव तसाच लटकत होता, आणि पाल आली की तो उठून जात होता, कारण न उठणं आता फार महागात पडलं असतं. चोवीस वर्षांनी बायकोच्या नजरेत जे आलं होतं ते परत जाईल, या भीतीपुढे पाल काहीच नव्हती.

त्यातच एका संध्याकाळी तो ओट्यावर बापूंबरोबर बसला असताना सहज विचारून गेला, "बापू, कुस्तीत समोरच्याने हात टाकला की पहिल्यांदा काय करायचं असतं?"

"काय बी न्हाई," बापू म्हणाले. "गप उभं ऱ्हायचं. आदी जो हालला त्यो पडला. आमचे वस्ताद पिंडरीवर काठी हाणायचे. हालला की काठी, हालला की काठी. धा वर्सं तेच शिकलो."

मिलिंदच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सेकंदाच्या पहिल्या तृतीयांशात बापू हलणार कसे? यंत्राने त्यांची तालीम मोजली होती आणि तिला भित्रेपणा म्हटलं होतं. हे आत्ताच्या आत्ता त्यांना सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर पहिला दाखला स्वतःचाच द्यावा लागणार, आणि बापूंना सांगितलेली गोष्ट भिंतीपलीकडे मेघनाला ऐकू जाणार. मिलिंदने चहा संपवला आणि गप्प घरी आला. त्या दिवशी त्याला स्वतःची फार शरम वाटली.

मग पंधरा दिवसांनी तळ्याकाठच्या मंगल कार्यालयात ते लग्न आलं. बुफे केव्हाच मागे पडला होता. मधल्या काळात वाढणारी यंत्रंही येऊन गेली होती. ती पानांवरून रांगेने सरकत आणि प्रत्येकाला मोजून तेवढंच वाढत. पण त्यांना आग्रह करता येईना, आणि आग्रहाशिवाय जेवलेला पाहुणा उपाशीच उठतो, हे व्याह्यांच्या लक्षात आलं. म्हणून पुन्हा केळीची पानं, पुन्हा पंगत आणि पुन्हा गुळवणी. मेघना आत भटारखान्यात पुऱ्या लाटत होती. बापू नवरीकडच्या नात्यात होते, ते तळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात खुर्चीत अंग चोरून बसले होते.

पहिल्या पंगतीत मिलिंदचं लक्ष अगदी टोकाच्या पानाकडे गेलं. नवऱ्याच्या ऑफिसातला कोणी तरुण गृहस्थ असावा. ओळखीचं कोणी शेजारी नाही. भात कोरडाच होता, आमटीवाला त्याला चुकवून पुढे गेला होता, आणि हा हात वर न करता, मान खाली घालून, कोरडा भात चिवडत होता. मिलिंदला कामाला लावणारे दामूअण्णा त्याला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "हात वर करणाऱ्याला कोणीही वाढेल. पान रिकामं आणि मान खाली, त्याच्याकडे तू आधी जा." मिलिंद आमटी घेऊन गेला.

"नको, नको, पुरे," तो गृहस्थ म्हणाला.

"पुरे कसं, अजून वाढलंच नाही," म्हणत मिलिंदने दोन डाव आमटी वाढली. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मिलिंदच्या ओळखीचं होतं. मागायची लाज आणि मिळाल्याचं सुख, दोन्ही एकदम.

पहिली पंगत उठली. मिलिंद पाण्याचे दोन रिकामे जार घेऊन तळ्याच्या बाजूच्या टेम्पोकडे निघाला होता, तेवढ्यात आरडाओरडा झाला. नवऱ्याच्या ऑफिसातली तीन माणसं हंसाच्या आकाराच्या पायडल बोटीतून फिरायला गेली होती. फुगवायची जाकिटं शेरवानीवर फोटोत बरी दिसत नाहीत म्हणून खुंटीलाच होती. दोघे एकाच बाजूला फोटोसाठी उभे राहिले आणि हंस उलटला.

दोघे हात वर करून जोरजोरात ओरडत होते. काठावरच्या कॅमेऱ्याने ते हात पाहिले आणि गर्दीत एकच फोन वाजला. नवऱ्याचा मित्र काळोखे, धावांक त्र्याऐंशी. काळोखे फेट्यासकट पाण्यात उतरला आणि त्या दोघांपर्यंत पोचला. पाणी त्यांच्या कमरेएवढंच होतं, पण ते त्यांना उभं राहीपर्यंत कळलं नव्हतं. तळ्याच्या पायऱ्यांवर दोनशे माणसं जमली, फोन वर झाले. "काळोखे गेलाय," सगळे एकमेकांना सांगत होते, आणि ज्यांचा फोन वाजला नव्हता ते सगळे सुटकेने हसत होते. मिलिंदही हसला. मग त्याची नजर सवयीने टोकाच्या पानाकडे जावी तशी तळ्यात पलीकडे गेली.

उलटलेल्या हंसाच्या मागे, खोल पाण्यात, एक डोकं होतं. ओरडत नव्हतं. हातही वर नव्हते. तोंड पाण्याच्या पातळीला आलेलं, उघडत होतं, मिटत होतं. केस डोळ्यांवर आले होते आणि ते बाजूला करायलाही हात वर येत नव्हता. बुडणारा माणूस बहुतेक वेळा असाच बुडतो, हे शास्त्राला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. श्वास घ्यायलाच वेळ नसतो तर ओरडणार कुठून, आणि हात पाण्यावर दाबून तोंड वर ठेवायची धडपड चालू असते, ते हलवणार कसे? नाटकमंडळींना हे माहीत नव्हतं. कॅमेऱ्याला तर कोणी शिकवलंच नव्हतं. मिलिंदलाही शास्त्र माहीत नव्हतं, पण चेहरा माहीत होता. तो मघाचा कोरड्या भाताचा चेहरा होता.

त्याचं शरीर विजेसारखं वगैरे काही पुढे गेलं नाही. पहिला तृतीयांश गेला, दुसरा गेला, पाच सेकंद गेले. त्याने विचार केला, सगळा केला. मला पोहता येत नाही. माझे एकोणीस आहेत. माझा फोन वाजलेला नाही. मला कोणी काही म्हणणार नाही. यातलं एकही खोटं नव्हतं. त्याने एक जार खाली ठेवला, दुसरा काखेत मारला आणि वळून ओरडला, "बापू, इकडे या. पलीकडे एक माणूस बुडतोय."

बापूंनी पाहिलं. त्यांनाही दिसलं. ते खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच थांबले. "मिलिंदराव, तुमी जावा. तुमचे सत्त्याण्णव हाईत. माजे चौदा हाईत."

पायऱ्यांवरचे लोक वळून बघू लागले. भटारखान्याच्या दारात पिठाच्या हातांनी मेघना येऊन उभी राहिली होती. ती मिलिंदला दिसली. आत्ता बोललं की चौकटीतलं सगळं संपलं, हे त्याला कळलं. आणि त्याने सगळ्या लग्नाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"बापू, माझे एकोणीस आहेत. सत्त्याण्णव चुकून आले होते. मला फक्त वाढता येतं. आणि तुमचे चौदाही चुकीचे आहेत, तुम्हाला तालमीत हलू नका म्हणून शिकवलंय, म्हणून आलेत ते. मला हे पंधरा दिवसांपासून माहीत आहे आणि मी बोललो नाही. माफ करा आणि चला."

बापूंची खुर्ची मागे पडली. "दोर हाय का?"

दोर नव्हता. दोनशे माणसं होती, पण ती हातात फोन घेऊन "अरेरे" म्हणत होती. मिलिंदने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून तीस वर्षांचा पंगतीचा आवाज बाहेर पडला.

"चला, बसून घ्या. ओळ धरा. सरका, सरका, मध्ये जागा सोडू नका. तुम्ही काका, इकडे. ताई, पुढे या. शेजारच्याचा हात धरा. एक पान रिकामं नको मला."

बुडत्यासाठी न हललेली माणसं या आवाजाला हलली. लग्नात वाढप्याने ओळ धरायला सांगितली की मराठी माणूस का म्हणून विचारत नाही. सासरे, मेहुणे, बँडवाले, हिरव्या शालूतली एक आत्या, सगळे मुकाट्याने हात धरून ओळीत उभे राहिले, आणि ओळ कुठे जातेय हे कळेपर्यंत पहिले आठ जण पाण्यात होते.

"म्या खुंटा," बापू काठावर शेवटच्या पायरीत पाय रोवून म्हणाले. "तुमी दोर व्हा."

टोकाला मिलिंद होता. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा त्याने देवाचं नाव घेतलं, कमरेला लागलं तेव्हा देव बदलला. छातीला लागलं तेव्हा त्याला फक्त मागच्या माणसाचा हात कळत होता. लहानसा, गार, पिठाने बुळबुळीत हात, पण पकड अशी की बोटं मोडतील. मागे वळून बघायची त्याची छाती नव्हती. "घट्ट धरा," कोणीतरी मागून म्हणालं. त्याने धरलं, उरलेल्या हाताने रिकामा जार लांब, लांब, अजून लांब ढकलला आणि नेहमीच्या सवयीने म्हणाला, "घ्या, घ्या, संकोच करू नका."

त्या माणसाने जार कवटाळला. मिलिंदने त्याची कॉलर धरली. काठावरून बापूंनी "खेचा" म्हटलं आणि अख्खी पंगत मागे मागे सरकत पायऱ्यांवर आली. त्या सगळ्या ओढाताणीत बापू जागचे तसूभर हलले नाहीत.

काठावर तो माणूस खोकला, पाणी ओकला आणि क्षीण आवाजात म्हणाला, "सॉरी हं, उगीच त्रास दिला." तेव्हा कुठे मिलिंदने आपल्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. तो अजून मेघनाच्या हातात होता. ती गळ्यापर्यंत भिजली होती. उंचीने ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. म्हणजे त्याच्या छातीला पाणी होतं तेव्हा तिच्या हनुवटीला असणार, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"तुला पोहता येतं?" त्याने विचारलं.

"नाही," मेघना म्हणाली.

"मग कशाला आलीस?"

"तुम्ही कशाला गेलात?"

तो हळूच म्हणाला, "ते एकोणीसचं मी तुला सांगणार होतो."

"मला माहीत होतं. अंक बदलला त्या दिवशीच मला मेसेज आला. नातेवाइकाच्या रकान्यात नंबर तुम्हीच घातला होता."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही पाल काढत होतात," ती पदर पिळत म्हणाली. "म्हटलं, चाललंय तर चालू दे."

मिलिंदला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही त्याने तिथेच, सगळ्यांदेखत केलं.

दुसरी पंगत तासाभराने बसली. वाचवलेला तो गृहस्थ, केतन अधिकारी त्याचं नाव, नवऱ्याच्या मामाच्या कोरड्या धोतरात पुन्हा टोकाच्या पानावर बसला होता. बापू त्याच्या शेजारी बसून सहावी जिलेबी खात होते आणि महापुरातल्या बाराव्या माणसाची गोष्ट सांगत होते. बारावा माणूस आजवर कोणी ऐकलेला नव्हता. मिलिंदने ओल्या कपड्यांतच आमटीची बादली उचलली.

चार दिवसांनी डॉ. सबनीस घरी आल्या. त्यांनी पायऱ्यांवरच्या लोकांनी काढलेलं चित्रण पाहिलं होतं, आणि त्यांना मेघनाचा धावांक मोजायचा होता. मेघना म्हणाली, मोजा की, पण गुरुवार सोडून, गुरुवारी डाळ भिजत घालायची असते. डॉक्टरांनी मग मिलिंदला विचारलं, की काठावर ते पाच सेकंद तुम्ही उभे होतात, तेव्हा नेमका काय विचार केलात. त्याने सगळा सांगितला. डॉक्टर लिहून घेता घेता थांबल्या आणि म्हणाल्या, "याला आमच्याकडे गुण नाहीत." त्यांचा चहा तसाच राहिला.

त्या गेल्यावर मिलिंदने देवघराशेजारची चौकट उतरवायला हात लावला. चौकट हलली आणि तिच्या मागून एक चांगली वीतभर पाल निघून भिंतीवर चढली. मिलिंद एका उडीत पलंगावर पोचला.

मेघनाने कोपऱ्यातला झाडू घेतला. "बसा तुम्ही," ती म्हणाली. "मी बघते."

मिलिंदने पालीकडे पाहिलं. मग पाय खाली सोडले, चप्पल घातली आणि बायकोच्या मागे जाऊन तिचा मोकळा हात धरला.

"घट्ट धरा," मेघना म्हणाली, आणि दोघं पुढे सरकली.